दीपमालाची खालून सर्व्हिस

इंदूरच्या त्या कोर्टावर दीपमाला मनवर जिंकल्यात जमा होती. पहिला सेट तिने घेतलेला, दुसऱ्यात ती पाच-तीनने पुढे, सर्व्हिस तिची, आणि आता फक्त एक पॉइंट. समोरची मुलगी खांदे पाडून उभी होती. त्या मुलीची आई तर पाण्याच्या बाटल्या पिशवीत भरून उठायच्या तयारीला लागली होती.

तो एक पॉइंट साधा नव्हता. व्यावसायिक टेनिसच्या जागतिक यादीत नाव यायचं, तर नव्या खेळाडूला निदान तीन वेगवेगळ्या स्पर्धांच्या मुख्य फेरीत एकेक तरी सामना जिंकावा लागतो. दीपमालाने दोन ठिकाणी जिंकला होता. हा तिसरा. हा खिशात पडला की दारव्ह्याच्या मनवरांच्या पोरीचा जगात नंबर लागणार होता. कितवा का असेना.

तिने चेंडू जमिनीवर आपटला, डावा हात वर नेला, आणि चेंडू बोटांतून सुटलाच नाही. हात वर गेला तसा खाली आला. ती कसनुसं हसली, पुन्हा आपटला, पुन्हा हात वर नेला. या खेपेला चेंडू सुटला, पण डोक्याच्या मागे गेला. तिने तो पडू दिला. तिसऱ्या वेळी कशीबशी रॅकेट लावली, तर चेंडू नेटच्या खालच्या पट्टीत. दुसरी सर्व्हिस कोर्टाबाहेर. डबल फॉल्ट.

असं कुणाचंही होतं एखाद्या वेळी. पण त्या गेममध्ये तेच पुन्हा झालं, आणि मग पुन्हा. बाटल्या भरणारी आई परत खाली बसली. तासाभराने दीपमाला सामना हरून जाळीच्या दारातून बाहेर आली तेव्हा तिच्या मनात हरल्याचं दुःख नव्हतं, भीती होती. तिला आपल्या डाव्या हाताची भीती वाटत होती. जन्मापासून बरोबर असलेला हात, आणि आज तो अनोळखी माणसासारखा वागला होता.

वीस वर्षांची ती मुलगी टेनिस शिकली तीही जरा आडवळणानेच. दारव्ह्याच्या शाळेतले खेळाचे सर उत्तमसिंग राठोड तरुणपणी विद्यापीठाकडून टेनिस खेळलेले. गावात कोर्ट नव्हतं, पण बाजार समितीच्या यार्डात सिमेंटचा लांबरुंद ओटा होता. दिवाळीच्या आसपास त्यावर सोयाबीनचे ढीग पडायचे, मग कापसाच्या गाड्या लागायच्या, पण उन्हाळ्यापासून पुढे तो मोकळाच. सरांनी समितीच्या लोकांना गळ घालून त्यावर चुन्याच्या रेघा मारल्या, दोन बांबूंमध्ये जाळी बांधली आणि यवतमाळच्या क्लबातून टाकून दिलेल्या रॅकेट आणल्या. पहिल्या वर्षी तीसेक पोरं आली. हळूहळू कुणी क्रिकेटकडे गेलं, कुणी शिकवणीला. दीपमाला राहिली. तिचे वडील नागोराव दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर सवारीची जीप चालवायचे. यार्ड जीपच्या थांब्याजवळच होतं, त्यामुळे शाळा सुटल्यावर बाप येईपर्यंत पोरगी तिथेच असायची. आई प्रभावती आशा सेविका, तिचे दिवस तर घरोघर फिरण्यातच जायचे.

सिमेंटवर चेंडू घसरत येतो, उंच उडत नाही. त्या घसरत्या चेंडूला वाकून मारता मारता दीपमालाची मांडी पोलादासारखी झाली. तिचा फटका सपाट आणि खालून जाणारा. मोठ्या शहरांतल्या मुली त्या फटक्याला वैतागायच्या. पुढे ती यवतमाळच्या क्लबात सराव करू लागली, राज्याच्या स्पर्धा, मग देशाच्या, आणि अठरा पूर्ण झाल्यावर व्यावसायिक. गावाने, सरांनी, बापाने, ज्याच्याकडून जे झालं ते केलं. तिनेही कधी हातपाय गाळले नव्हते. इंदूरपर्यंत.

इंदूरनंतर ती आणखी तीन स्पर्धा खेळली आणि तिन्ही ठिकाणी हात अडला. आता तर सरावातही अडू लागला. खांद्याचे फोटो काढले, डॉक्टरांनी दंड वळवून पाहिला, काहीच निघालं नाही. शेवटच्या स्पर्धेत पात्रता फेरीतच एका सोळा वर्षांच्या मुलीने तिला हरवलं. बहुतेक पॉइंट तर दीपमालानेच डबल फॉल्ट करून तिच्या पदरात टाकले. मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात ती यवतमाळला उतरली आणि बापाच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून गावी आली. रस्ताभर बापाने उन्हाचाच विषय काढला. मागे सवाऱ्या होत्या.

घरी आईने आधी जेवू घातलं, मग विचारलं. "खांदा दुखते का?"

"नाई."

"मंग?"

"हात आयकत नाई, आई."

नागोराव दारात बसून पाय धूत होते. "हात आयकत नाई म्हंजे कसं?"

दीपमालाने आईसमोरच्या टोपलीतला बटाटा उचलला, डाव्या हाताने सरळ वर उडवला आणि झेलला. पुन्हा उडवला, पुन्हा झेलला. अगदी रेषेत.

"आता तं बराबर उडोला," नागोराव म्हणाले.

"आता समोर कोणी उभं नाई ना, बाबा."

 प्रभावतीने टोपली आपल्याकडे ओढली आणि बटाटे चिरू लागली.

गावात गोष्ट लपत नाही आणि जीपमध्ये तर नाहीच. नागोरावांनी एका ओळखीच्या सवारीजवळ मन मोकळं केलं आणि आठवड्याभरात दारव्हा ते यवतमाळ अख्ख्या रस्त्याला औषध सापडलं. कुणी म्हणालं नजर लागली, लिंबू उतरवा. कुणी म्हणालं हातात काळा दोरा बांधा. एका म्हातारीने तर बेंबीत तेल घालायला सांगितलं. नागोराव चिडले. "आमच्या घरी दोरे-लिंबू चालत नाई," त्यांनी एकाला तोंडावर सांगितलं, आणि घरी येऊन बायकोला म्हणाले, "मीच मूर्ख. कायले बोललो मी लोकाइपाशी."

प्रभावतीच्या डोक्यात वेगळंच होतं. तिने बरेच दिवस ते मनातच ठेवलं. एका सकाळी दीपमाला धावून आली, उंबऱ्यावर घाम पुसत बसली, तेव्हा ती शेजारी येऊन बसली.

"पोलीस भरती निघून राह्यली म्हन्ते," ती म्हणाली. "तुह्या पायात दम हाये. मैदानी तं तू हसत हसत काढशीन. खेळाडूले जागा बी राह्यते."

"मले म्हाईत हाये."

"मी काई खेळ सोड म्हनत नाई. पन उमर थांबत नाई, दीपू. दोन साल असे गेले तं मंग ना हे, ना ते."

 आई चूक बोलत नव्हती, आणि तेच तर जास्त बोचत होतं. दीपमाला म्हणाली, "दिवाळीपावतर दे मले. तवरी नंबर नाई लागला तं भरतीचा अर्ज मी सोता भरतो. तुले सांगावं लागनार नाई."

"खरं?"

"खरं."

प्रभावतीने मान हलवली. तिला वाटलं, पोरगी दिवाळीपर्यंत दमेल आणि आपणहून येईल. दीपमालाला वाटलं, शब्द दिला खरा, आता करायचं काय, ते आपल्यालाच ठाऊक नाही.

उत्तमसिंग सर आता साठीला आले होते आणि त्यांचा एक गुडघा कामातून गेला होता. तरी ते रोज सकाळी यार्डात यायचे. त्यांनी सगळं करून पाहिलं. चेंडू न मारता नुसता उडवायला लावला. डोळे मिटून उडवायला लावला. चेंडूऐवजी संत्रं दिलं. उभं राहण्याची जागा बदलली, श्वास मोजायला लावला. ओटा रिकामा असला की दहातले आठ बरोबर जायचे. पण सरांनी "आता पॉइंट खेळू" म्हटलं, की हात दगड. सर कधी रागावले नाहीत, पण त्यांच्या कपाळावरची आठी दीपमालाला दिसायची. ज्या सर्व्हिसचा त्यांना अभिमान होता, जिच्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं तिच्या मागे उभं राहून "उंच, छोरी, अजून उंच" म्हणत घसा कोरडा केला होता, तीच गेली होती.

जुलैत पावसाने झड लावली. ओटा निसरडा झाला तसे ते दोघे जाळी घेऊन यार्डाच्या पत्र्याच्या शेडखाली सरकले. शेडमध्ये पत्र्याला आधार देणाऱ्या लोखंडी कैच्या खाली आलेल्या. तिथे चेंडू उंच उडवायची सोयच नाही. लहानपणीही पावसाळ्यात ती पोरं शेडमध्येच खेळायची, आणि तेव्हा खेळ सुरू करायची एकच रीत होती. चेंडू कमरेजवळ सोडायचा आणि खालून पलीकडे ढकलायचा.

त्या दिवशीही तसंच चाललं होतं. सर पलीकडे उभे, दीपमाला अलीकडे. सरांनी हिशेब ठेवून खेळू म्हटलं, अकरा पॉइंटपर्यंत. पत्र्यावर पावसाचा असा आवाज की बोललेलं ऐकू येईना. ती चेंडू सोडायची, खालून मारायची आणि खेळ सुरू. पाच झाले, सात झाले, नऊ झाले. दहाव्या पॉइंटला चेंडू हातात घेऊन ती थांबली.

"काय झालं?" सरांनी ओरडून विचारलं.

ती जाळीपाशी चालत गेली. "सर, आपन मोजून खेळून राह्यलो ना?"

"हो."

"मंग माहा हात काहून नाई अडला?"

 ती सामन्यातही अशीच सर्व्हिस करायचं म्हणते आहे हे सरांच्या लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"नाही," ते म्हणाले.

"नियमात बसते, सर."

"नियमात बसतं, मला माहीत आहे. नियमात तर पायजमा घालून खेळणंही बसत असेल." सर शाळेत बोलायचे तसंच शुद्ध बोलायचे, चिडले की जास्तच. "खालून सर्व्हिस एखाद्या वेळी चकवायला टाकतात. सगळा सामना तशी टाकणारी खेळाडू मी पाहिली नाही. पहिल्या-दुसऱ्या सर्व्हिसला समोरचीला गंमत वाटेल, तिसरीला ती पुढे येऊन डोक्यावर हाणेल. लोक हसतील ते वेगळंच."

"लोक आता बी हासून राह्यले. डबल फॉल्टले हासते. मंग खालच्या सर्व्हिसले हासू द्या. निदान चेंडू तं आत पडन."

"दीपमाला, हा उपाय नव्हे. ही शरणागती आहे."

"शरन जाचं असतं तं मी भरतीच्या ग्राउंडवर असतो, सर."

सरांनी रॅकेट पिशवीत घातली, छत्री उघडली आणि पावसात निघून गेले. तिने त्यांना हाक मारली नाही. ती शेडमध्ये एकटीच राहिली आणि डब्यातले सगळे चेंडू संपेपर्यंत खालून मारत राहिली. मग गोळा करून पुन्हा. चेंडू नुसता ढकलायचा नाही, रॅकेटने खालून चिरायचा, म्हणजे पडल्यावर तो बाजूला पळतो. मनगट कमी वळवलं की तोच लांब जाऊन शेवटच्या रेषेजवळ बसतो. हे शिकवायला कुणी नव्हतं, तिचं तिलाच उमजत गेलं. संध्याकाळी नागोराव तिला न्यायला आले तेव्हा ती पोत्यांच्या थप्पीमागून चेंडू काढत होती.

"सर कुठी गेले?"

"घरी."

"भांडली काय त्याइच्या संगं?"

"भांडली नाई. पटलं नाई."

दुसऱ्या दिवशी सर आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. पुढच्या सकाळी ती यार्डात आली तर सर शेडमध्ये आधीच हजर, आणि त्यांच्याबरोबर त्यांची म्हातारी आई भुरीबाई पोत्यावर बसलेली. मुलगा घरात कुणाशी धड बोलत नाही, जेवताना ताटाकडे बघत बसतो, म्हणून म्हातारीने खोदून खोदून कारण काढून घेतलं होतं, आणि ती पोरगी काय करते ते आपल्या डोळ्यांनी पाहायचं म्हणून हट्टाने आली होती. दीपमालाने खालून पाच-सहा सर्व्हिस मारल्या. म्हातारीने नीट पाहिलं.

"चेंडू तिकडं पडतो का?" तिने मुलाला विचारलं.

"पडतो."

"आन तिकडल्या पोरीनं मारला त ही परत मारते का?"

"मारते, याडी." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई.

"मग तू तोंड कायले पाडून बसला?"

 सर जाळीपलीकडे गेले, गुडघ्याला पट्टा बांधला आणि म्हणाले, "मी पुढे येऊन जोरात मारणार. तुझी दया करणार नाही. पुढचा फटका तुला सापडला पाहिजे. खरा सराव सर्व्हिसचा नाही, तिच्यानंतरच्या फटक्याचा आहे."

तेच खरं ठरलं. दुबळी सर्व्हिस म्हणजे समोरच्याला दिलेलं आमंत्रण. त्याने मारलेला कडक चेंडू परतवता आला तरच पॉइंट सुरू झाला म्हणायचा. सरांचा गुडघा सुजला तसा त्यांनी यवतमाळहून कॉलेजात शिकणारे, जोरात मारणारे दोन जुने विद्यार्थी बोलावले. दीपमाला त्यांचे फटके अंगावर घेत राहिली. सिमेंटवर वाकून वाकून घडलेली तिची मांडी इथे कामाला आली. ऑगस्ट असाच गेला.

सप्टेंबरच्या शेवटी नागपुरात स्पर्धा होती. दिवाळीआधीची तिच्यासाठी शेवटचीच. सर सोबत आले. नागोराव म्हणाले, "मी येऊ का?" ती म्हणाली, "बाबा, तुमी असले तं माहं ध्यान तुमच्यापाशी जाते." त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. निदान दाखवलं नाही.

पात्रता फेरीत तिने पहिली सर्व्हिस खालून मारली तेव्हा समोरची मुलगी जागची हललीच नाही. तिला वाटलं, दीपमाला चेंडू परत देते आहे. अंपायरने पॉइंट दिला तशी ती वाद घालायला गेली. अंपायरने सांगितलं, सर्व्हिस नियमात आहे. बाकावरच्या दोघी-तिघी फिसकन हसल्या. दुसऱ्या सर्व्हिसलाही हसू आलं, तिसरीला मोबाइल वर झाले. दीपमालाचे कान तापले, पण हात अडला नाही. कित्येक महिन्यांनी ती रॅकेट हातात घेऊन फक्त समोरच्या चेंडूचा विचार करत होती. ती मुलगी रागारागात खेळली आणि हरली. दुसरीही हरली. दीपमाला मुख्य फेरीत आली.

तिथे मात्र गंमत संपली. समोर होती बंगळुरूची निहारिका, स्पर्धेतली तिसरी मानांकित. तिने आदल्या दिवशी दीपमालाचा खेळ बघून ठेवला होता. ती रेषेच्या दोन पावलं आत येऊन उभी राहिली आणि प्रत्येक सर्व्हिस झाडावरच्या चिंचेसारखी झोडपली. पहिला सेट सहा-एक. बाजू बदलताना दीपमालाने टॉवेलमध्ये तोंड घातलं. मनात आलं, एक वरून मारून पाहावी का? इतक्या महिन्यांनी हात सुधारलाही असेल. तिने डाव्या हाताकडे पाहिलं. बोटं चेंडूवर घट्ट आवळलेली होती. नाही. आज नाही.

सर दुसऱ्या बाजूच्या पायरीवर हाताची घडी घालून बसले होते. सामन्यात खाणाखुणा करायच्या नाहीत हा त्यांचा स्वतःचा नियम, मग बाकीचे काहीही करोत. त्यांचा चेहरा दगडी होता.

दुसऱ्या सेटमध्ये दीपमालाने चेंडू चिरणं कमी केलं. निहारिका पुढे उभी राहते, तर तिच्या अंगावरच टाकायचा, लांब, संथ, अंगाला चिकटेल असा. हात मोकळा करायला जागाच द्यायची नाही. पहिली दोन-तीन फसली. मग एक चेंडू निहारिकाच्या बरगडीपाशी आला, तिचा फटका अर्धवट बसला, आणि दीपमालाने तो कोपऱ्यात लोटून दिला. पुढच्या वेळी निहारिका एक पाऊल मागे उभी राहिली. तेवढं एक पाऊल पुरलं. ती मागे गेली की दीपमाला नेटजवळ कापून टाकायची, पुढे आली की अंगावर. आणि निहारिकाच्या सर्व्हिसवर तर ती पहिल्यापासूनच तोडीस तोड होती. सपाट फटका, पायाशी. सहा-चारने तिने तो सेट घेतला. बाकावरचं हसणं कधी थांबलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

तिसरा सेट दीड तास चालल्यासारखा वाटला, होता तासाभराचा. पाच-चार, सर्व्हिस दीपमालाची, मॅच पॉइंट. इंदूरनंतर पहिल्यांदाच ती नंबरापासून एका पॉइंटवर उभी होती.  डाव्या हाताची बोटं तशीच आखडू लागली. तिला वाटलं, आता हा खालूनही सुटायचा नाही.

तिने चेंडू रॅकेटवर ठेवला, हात हवेत झटकला, पॅन्टला पुसला. निहारिका पलीकडे वाट पाहत होती. अंपायरने घड्याळाकडे नजर टाकली. दीपमालाने चेंडू परत हातात घेतला. शेडमध्ये पॉइंट सुरू व्हायच्या आधी सर नेहमी "चल" म्हणायचे, आज कुणी म्हणणार नव्हतं. ती स्वतःशीच "चल" म्हणाली आणि बोटं उघडली. चेंडू पडला. रॅकेट आली.

सर्व्हिस काही खास नव्हती. निहारिकाने ती सहज परतवली आणि मग दोघी बराच वेळ नुसत्या मारत राहिल्या, कुणीच धाडस करेना. दीपमालाचा एक चेंडू रेषेला चाटून गेला. निहारिका मागे पळत गेली आणि तिने तो उंच टोलवला. दीपमाला खाली उभी, चेंडू वरून येतो आहे, आणि डोक्यावरून मारायचा म्हणजे पुन्हा डावा हात वर. तिने चेंडूचा टप्पा पडू दिला, वाकली आणि सपाट मारला. निहारिकाची रॅकेट पोचली, चेंडू नेटमध्ये बसला.

दीपमालाने हात वर केले नाहीत, ओरडलीही नाही. ती नेटपाशी गेली. निहारिकाने हात मिळवला आणि म्हणाली, "अगली बार ऊपर से डालना."

"अगली बार देखेंगे," दीपमाला म्हणाली.

बाहेर सर उभे होते. त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत राहिले. काचा स्वच्छच होत्या. मग म्हणाले, "टप्पा पडू दिलास ते बरं केलंस."

दुसऱ्या दिवशी ती हरली, सरळ दोन सेटमध्ये. समोरची मुलगी अनुभवी होती, तिच्यावर अंगावरच्या चेंडूचा काही परिणाम झाला नाही. परतीच्या एसटीत दीपमालाने सरांना स्वतःहून सांगितलं, "खालच्या सर्व्हिसवर इथपावतर आली. याच्या पुढं नाई जात येनार."

"माहीत आहे मला," सर म्हणाले.

"म्हून आता वरची पुन्हा शिकाची."

"शिकू."

यादी लागली तेव्हा नाव आलं. अगदी तळाशी, तेराशेच्याही खाली. नागोरावांनी जीप थांब्यावर लावून तिच्या मोबाइलवर ते नाव पाहिलं, बोटाने वर सरकवत गेले, सरकवतच राहिले.

"इतक्या पोरी तुह्या समोर हायेत?"

"हाव."

"आन मांगं?"

"मांगं थोड्याच."

नागोरावांनी मोबाइल परत दिला. "ठीक हाये," ते म्हणाले. "नाव तं हाये." पण त्या दिवशी यवतमाळपर्यंतच्या प्रत्येक सवारीला त्यांनी सांगितलं, आणि एकानेही लिंबू सुचवलं नाही.

प्रभावतीने भरतीचा विषय काढला नाही. तिने कोणाकडून तरी आणून ठेवलेली भरतीची माहिती कपाटात तशीच पडून राहिली. एकदा भाकरी थापता थापता तिने फक्त इतकं विचारलं, "मंग आता पुढची मॅच कुठी?"

दिवाळी आली तसे ओट्यावर सोयाबीनचे ढीग पडले आणि सराव यवतमाळच्या क्लबात हलला. रोज सकाळी दीपमाला बापाच्या पहिल्या खेपेने जाते. तिथे ती एक डबाभर चेंडू वरून मारते. क्लबात बघणारे असतात, म्हणून पहिल्या दिवशी डब्यातले निम्मे सुटलेच नाहीत. आता बहुतेक सुटतात, पण सामन्यात अजून भरवसा नाही. म्हणून तिने एक नियम ठरवला आहे: पहिली सर्व्हिस वरून, जशी जाईल तशी, आणि ती चुकली तर दुसरी खालून. नोव्हेंबरात हैदराबादला ती असंच खेळली. पहिल्या गेममध्ये वरून मारलेले तीन चेंडू नेटमध्ये गेले, चौथा आत पडला आणि समोरच्या मुलीला तो परतवता आला नाही. बाकावरून कुणीतरी टाळी वाजवली. दीपमालाने तिकडे पाहिलं नाही. ती पुढचा चेंडू घ्यायला वळली.